उमेद बॅचमध्ये चौथी

सारजाबाई : ...आन ठिवला फोन. स्टँडवर उतरलो म्हन्तो, रिक्षात बसू ऱ्हायलो, हातात डबा हाय. कसला डबा, ते काय सांगंना. नुसता हसू ऱ्हायला. मपल्या लग्नात बी येवढा हसला नव्हता तुझा बाप.

सुकेशनी : आई, आप्पांना आज जागरणाची तारीख काढू देऊ नको.

सारजाबाई : कामून? त्यासाठीच तर आला आसंल त्यो. मेंढरं तुझ्या सांडूकाकाच्या जिवावर टाकून पिशोरहून हितवर उगं नाय येत तुझा बाप. नवस हाय बाई. पोरगी पयल्या पाचात आली का खंडोबाचं जागरण घालीन आन बोकड देईन, आसं बोललाय देवाला. आली तू चौथी. आता देवाला किती वाट बघाया लावायची?

सुकेशनी : मी तशी चौथी नाही आले.

सारजाबाई : तशी म्हंजी कशी? तुझ्या परीक्षेचं जे काय आसतं ते बिभीषणच्या मोबाइलवर येतं. त्यानं कंपनीतून फोन करून बापाला सांगितलं, सुकी चौथी आली. तुझा भाऊ खोटं बोलला का?

सुकेशनी : दादा खोटं नाही बोलला. मेसेजमध्ये चार नंबरच आलाय. त्यानं वाचला, आप्पांना सांगितला. त्याला बिचाऱ्याला काय माहीत.

सारजाबाई : मंग झालं की. मागं एकावन्न होती, आता चार. मला लिहिता-वाचता नाय येत, पर एकावन्नापरीस चार बरं, येवढं मला बी कळतं.

सुकेशनी : तू चहा ठेवू नको अजून. हिथं बस माझ्यासमोर. ज्यांची मागच्या वर्षी डॉक्टरीची परीक्षा गेली, अशा आम्हा पोरांच्या क्लासमध्ये दोन बॅच आहेत. हुशार पोरांची ती एक्का. कच्च्या पोरांची ती उमेद. मी एक्कात होते. साठ पोरांत एकावन्नावी.

सारजाबाई : व्हय, तुझा बाप तवा दोन दिवस जेवला नव्हता.

सुकेशनी : मग पुढच्या दोन छोट्या टेस्ट अजून वाईट गेल्या, त्यांचा मेसेज जात नाही. तेव्हा त्यांनी मला एक्कातून काढलं आन उमेदमध्ये टाकलं. आता त्या उमेदमध्ये मी चौथी आहे.

सारजाबाई : कवा काढलं?

सुकेशनी : संक्रांतीनंतर.

सारजाबाई : म्हंजी तुझा सकाळचा वर्ग दुपारी गेला, तवाच. मला म्हनली होती, सर बदलले.

सुकेशनी : सर बदललेच ना.

सारजाबाई : शाबास. आयला बरं फसवलं. आन मी रोज सकाळी तुझ्यासंगं पाचला उठून डबा करू ऱ्हायले, दुपारचा वर्ग आसला तरी. थांब जरा. मला येक सांग. मार्क किती पडले? ते नंबर-बिंबर सोड.

सुकेशनी : सातशेवीसपैकी चारशे बारा. एकावन्नावी होते तेव्हा साडेचारशे होते.

सारजाबाई : म्हंजी मार्क खाली गेले आन नंबर वर आला.

सुकेशनी : हो.

सारजाबाई : आन सरकारी कालेजात बसाया किती लागत्यात?

सुकेशनी : सर म्हणतात, मला अजून शंभर तरी पाहिजेत. दीड महिना राहिलाय. वासरांत लंगडी गाय शहाणी, तसली माझी चौथी आहे, आई.

सारजाबाई : आन मी पेढे वाटले. खालच्या घरमालकीन काकूला वाटी भरून दिले. ती म्हनली, सारजाबाई, आता माझ्या सुनंचं बाळंतपन तुमच्याच लेकीच्या हातून. मी बी म्हनलं, व्हय व्हय, करंल की. हे सांगायला तुला आज तोंड फुटलं?

सुकेशनी : मला वाटलं, पुढच्या टेस्टला मार्क काढीन आन परत वर जाईन. कुणाला कळायच्या आत. तेवढ्यात हा मेसेज गेला. मग आप्पांचा फोन आला. मी हॅलो हॅलो म्हणत होते आन ते बोलतच नव्हते. रडत होते. तू आप्पांना रडताना ऐकलंय का कधी?

सारजाबाई : त्याची आय मेली तवा बी नाय. मेंढरं पान्याला नेली होती त्यानं त्या दिशी बी.

सुकेशनी : मग मी काय म्हणणार होते? म्हटलं, व्हय आप्पा, चौथी.

सारजाबाई : आन ते पाचाचं खूळ कुठून काढलं त्यानं? देवाला बोलायचं तं नीट बोलावं. पोरगी डाक्टर झाली का देईन, आसं. मधीच पाच कसले?

सुकेशनी : मला सोडायला आले होते ना, तेव्हा चौकात क्लासचा बोर्ड बघितला त्यांनी. पाच पोरांचे फोटो होते हार घातलेले. मला विचारलं, हे कोण? मी म्हटलं, हे पहिले पाच, हे डॉक्टर झाले. तेच डोक्यात बसलं. पाचात आली म्हणजे झाली डॉक्टर.

सारजाबाई : भोळा हाय गं. बाजारात बकरं घ्यायला गेला तर दात बघितल्याबिगर हात नाय लावत, आन हितं बोर्ड बघून आला.

सुकेशनी : आन बोकड कोणतं द्यायचं तर बाळ्या. दुसरं नव्हतं का वाड्यात?

सारजाबाई : नवसाला आवडीचंच द्यावं लागतं. उरलंसुरलं देवाला चालत नाय.

सुकेशनी : त्याची आई मेली तेव्हा एका मुठीत मावत होतं ते. मी नापास होऊन घरी बसले होते मागच्या उन्हाळ्यात. कुणाशी बोलायला नको वाटायचं. त्याला बाटलीनं दूध पाजायचं, एवढंच काम जमत होतं मला. तुला खरं सांगू का? टेस्टला मार्क कमी दिसायचे तेव्हा आधी आप्पांचं तोंड आठवायचं, आन मग मनात यायचं, चला, बाळ्या तरी वाचला.

सारजाबाई : असलं मनात घिऊन पेपर लिव्हला तर कुठून पडतील मार्क? बरं, ते जाऊ दे आता. तारीख निघायच्या आत बापाला सांगावं लागंल. जागरणाचं आवतन येकदा गेलं ना, मंग ते फिरवता येत नाय. देवाच्या दारातलं असतंय ते.

सुकेशनी : तू सांग ना. तुझं ऐकतात ते.

सारजाबाई : माझं त्यो येकच ऐकतो, जेवा म्हनलं का जेवतो. मला आत्ताच कुठं समजलंय, ते बी निम्मं. त्यानं उलटून विचारलं तं मी काय सांगनार? तूच सांग. जसं मला सांगितलं तसं. चल, मलाच बाप समज. म्हण.

सुकेशनी : आप्पा, मला तुम्हाला एक सांगायचंय.

सारजाबाई : ‘सांग की माय. आता तू सांगायचं आन आमी ऐकायचं, तेच दिवस आले.’

सुकेशनी : असं नको ना बोलू.

सारजाबाई : त्यो आसंच बोलंल. पुढं चल.

सुकेशनी : आप्पा, तो चौथा नंबर खरा नाही.

सारजाबाई : ‘खोटा का? बिभीषण खोटं बोलला?’

सुकेशनी : नाही, नंबर खरा आहे, पण...

सारजाबाई : ‘खरा हाय ना? मंग बस. लई भेकड हाय माझी डाक्टरीन. धाव्वीला बी आशीच रडली होती, नापास झाले म्हनून, आन शाळेत पयली आली.’

सुकेशनी : दहावीचं वेगळं होतं.

सारजाबाई : ‘काय येगळं होतं? तूच होती ना ती? का दुसऱ्या कुनाची लेक होती?’

सुकेशनी : आई, बस कर.

सारजाबाई : मी काय केलं? त्यो म्हनंल तेच म्हनलं.

सुकेशनी : म्हणूनच बस कर.

सारजाबाई : बरं. रडू नको. डोळे लाल दिसले तर त्यो आधी तेच इचारत बसंल. तोंडावर पानी मार. आन हे बघ, चहाच्या आधी सांगून टाक. चहा पोटात गेला का तुझा बाप सुटतो, मंग मधी कुनाला शिरकाव नसतो.

सुकेशनी : पाणी देते आन लगेच सांगते. तारखेचं काढायच्या आत.

सारजाबाई : मी हाय हितंच. मला काय बोलता नाय आलं तरी मी हाय.

(खाली रिक्षा थांबते. जिन्यावर जड पावलं वाजतात, मध्येच कुणाशी तरी दोन शब्द बोलून परत चढू लागतात. सुकेशनी ओढणीनं तोंड पुसते आणि पाण्याचा तांब्या हातात घेऊन उभी राहते.)

कडूबा : कुठं हाय मपली डाक्टरीन? हिकडं ये. वाक जरा. हां. भंडारा हाय, पुसू नको. आजच्या दिवस ऱ्हाऊ दे कपाळाला.

सुकेशनी : आप्पा, पाणी घ्या.

कडूबा : घेतो, घेतो. खाली तुमची घरमालकीन भेटली. म्हनली, डाक्टरीनबाईचे वडील का? मी म्हनलं, व्हय, तोच. ह्या शहरात मला कोनी नावानं तरी वळखत होतं का? आता पोरीच्या नावानं वळखू लागले. याला म्हन्त्यात इज्जत.

सारजाबाई : बसा आधी. दम घ्या. पोरीला बोलायचंय.

सुकेशनी : आप्पा, ते जागरणाचं...

कडूबा : झालं.

सुकेशनी : काय झालं?

कडूबा : जागरण. काल आइतवारी झालं बी. सारजे, आशी बघू नको माझ्याकडं. तुला बोलावलं नाय म्हनून तू रागावनार, मालूम हाय मला. पर तू आली आसती तं ह्या पोरीच्या भाकरीचं काय? आन हिला खबर लागली आसती तं ही बी मागं लागून आली आसती. जायाचा दिस, यायाचा दिस, सगळा आभ्यास मोडला आसता. म्हनलं, खबरच लागू द्यायची नाय. बिभीषणला बी नाय सांगितलं. पाटावर सांडू आन त्याची बायको बसले जोड्यानं.

सारजाबाई : माझ्या लेकीचा नवस, आन पाटावर माझी जाऊ?

कडूबा : देवाला जोडा लागतो. त्यो कोन्चा का आसंना. आता फुगून बसू नको, चांगलं झालं सगळं. आख्खी वस्ती आली होती. वाघ्या चांगला मिळाला, आवाज आसा का पार रस्त्यावर मानसं थांबली. आन त्यानं गान्यात नाव घातलं हिचं. कडूबाची लेक, सुकेशनी, तिला मल्हारीनं दिलं मोप यश. मोप. मी काय सांगितलं नव्हतं त्याला, आपल्या मनानं घातलं. शेजारची आवडाबाई उठून नाचली. या वयात. आपल्या वस्तीत आजवर कोनाच्या लेकीचं नाव जागरणात आलं नव्हतं माय.

सुकेशनी : आप्पा, थांबा. बाळ्या कुठंय?

कडूबा : तेच सांगू ऱ्हायलो. लई गुनाचं जनावर निघालं. तुला ठावं हाय ना, देवाला राजी हाय का नाय ते बोकड सांगतं. भंडारा टाकला, अंगावर पानी मारलं, आन त्यानं अंग झाडलं का समजायचं, देवानं कबूल केलं. काही काही बोकडं आर्धा आर्धा तास ढिम्म उभी ऱ्हात्यात. मानसं हात जोडून बसत्यात, काय चुकलं म्हनून देवाला इचारत्यात. आन बाळ्या? पयल्याच पान्याला. आसं अंग झाडलं का भंडारा माझ्या तोंडावर उडाला. समदे म्हनले, कडूबा, पोरगी सरकारी कालेजात गेली म्हनून समज.

सुकेशनी : तुम्ही मला विचारायचं तरी.

कडूबा : काय इचारायचं माय? देवाचा होता, देवाला गेला. ह्या डब्यात तुझा वाटा हाय. सांडूच्या बायकोनं काळ्या मसाल्यात केलंय. परसाद हाय, नको म्हनायचं नसतं. सारजे, भाकरी हाय का? वाढ पोरीला.

सारजाबाई : आवं, जरा गप ऱ्हावा. पोरगी काय तरी सांगू ऱ्हायली.

कडूबा : खाता खाता सांगंल.

सुकेशनी : नाही आप्पा. आधी सांगते. नाहीतर माझ्याच्यानं पुन्हा सांगणं होणार नाही. तो चौथा नंबर काही कामाचा नाही.

कडूबा : सारजे, घाबरली का काय ही? धाव्वीला बी आशीच...

सारजाबाई : धाव्वीचं काढू नका. ऐका.

सुकेशनी : आप्पा, तुम्ही मेंढरं चारायला सोडता, तेव्हा जी मागं पडतात, आजारी असतात, लंगडतात, ती काढून वेगळी जाळी लावून वाघुरात ठेवता ना?

कडूबा : ठिवावीच लागत्यात. चांगल्या मेंढरांत ठिवली तं खायाला पोचतच नाय. धट्टीकट्टी ढुसन्या मारत्यात.

सुकेशनी : तसं आमच्या क्लासमध्ये केलंय. मला चांगल्या कळपातून काढलं. आता मी त्या मागं पडलेल्यांच्या वाघुरात आहे. तिथं माझा चौथा नंबर आहे. ते चौकातल्या बोर्डावरचे पाच आहेत ना, ते दुसऱ्या कळपातले. त्यांचा आन माझा काही संबंध नाही.

कडूबा : पर एकावन्नवरनं चार...

सुकेशनी : कळप बदलला म्हणून चार. मार्क तर कमी झाले, आप्पा. पहिल्यापेक्षा कमी.

सारजाबाई : टोपी काढून कामून ठिवली? इचारा तिला, काय इचारायचं ते.

कडूबा : कवा काढलं तुला येगळं?

सुकेशनी : संक्रांतीनंतर.

कडूबा : आन हे वर्गवाल्यांनी मला कामून नाय सांगितलं?

सुकेशनी : मेसेजमध्ये तेवढंच येतं. नाव, नंबर, अभिनंदन. त्या बॅचचं नावही खाली बारीक अक्षरात असतं. उमेद. दादाला ते चांगलंच वाटलं असणार.

कडूबा : बरं. बरं. येक इचारतो, रागावू नको. मी मागं पडलेली मेंढरं काढतो का नाय, ती जगावी म्हनून काढतो. त्यांना येगळी पेंड घालतो. हिरवा पाला तोडून आनतो. धा-पंधरा दिसांत निम्मी तरी अंग धरत्यात आन कळपात जात्यात. तसं मंग तुला बी तिथं चांगले मास्तर दिले आसतील. जास्तीचं शिकवत आसतील.

सुकेशनी : नाही आप्पा. चांगले सर तिकडंच शिकवतात, वरच्या पोरांना. आमच्याकडं नवे येतात. एक जण तर मागच्या वर्षी माझ्यासंगंच परीक्षेला होता.

कडूबा : मंग येगळं काढलं कशाला?

सुकेशनी : वरच्या पोरांना आमचा अडथळा नको म्हणून.

कडूबा : आसं तर मेंढक्या बी करत नाय.

सारजाबाई : आवं, तिच्यावर नका चिडू.

कडूबा : मी कुठं चिडलो? मी हिच्यावर चिडंन का? मला येवढंच समजंना सारजे. आसं आसंल तं त्यानं अंग झाडलं कामून?

सारजाबाई : कोनी?

कडूबा : बाळ्यानं. पयल्याच पान्याला झाडलं. मपल्या डोळ्यांनी बघितलं मी. सगळ्यांनी बघितलं. देवाला ठावं नव्हतं का, ही खालच्या वाघुरात हाय म्हनून? तर मंग त्यानं कबूल कामून केलं?

सुकेशनी : पाणी गार असेल, आप्पा.

कडूबा : रातचं हिरीचं पानी. गार तर होतंच.

सारजाबाई : आता हे उकरून काय मिळनार हाय? झालं ते झालं.

कडूबा : नाय, नाय. ऐक. आपुन आसं समजू, नवस आगाऊ फेडला. देवाला आधीच दिलं. मानसानं बी आगाऊ पैसं घेतलं का त्यो कामाला बांधला जातो, देव तर देव हाय. आता तोच बघंल. तू नुस्ता आभ्यास कर. दीड महिन्यात जाशील वर.

सुकेशनी : आप्पा, असं नका ना करू. मग मी नाही गेले वर, तर खोटं कोण पडलं? देव का मी?

कडूबा : तसं नाय म्हनलं मी.

सुकेशनी : मला नाही होत. आईला विचारा, मी पाचला उठते. सगळं वाचलेलं असतं. प्रेरणा माझ्या बाकावर बसते, ती मला विचारते आन मी तिला समजावून सांगते. तिला मार्क पडतात. पेपर समोर आला का मला एका प्रश्नाची चारी उत्तरं बरोबर वाटतात. मग एकावर खूण करते, ते चुकतं, त्याचे अजून मार्क कापतात. मी काय करू सांगा. मी करणार नाही असं नाही म्हणत. मला होत नाही, असं म्हणते.

कडूबा : मंग आपुन काय करायचं?

सुकेशनी : मला नाही माहीत.

कडूबा : सारजे, तुला काय सुचतं का?

सारजाबाई : मला काय सुचनार? मला आत्ता घडीभरापूर्वी कळलं. मला भाकरी सुचती, ती केलीय.

कडूबा : बिभीषणला इचारू का? त्यो शहरात ऱ्हातो.

सुकेशनी : त्यालाही एवढंच माहीत आहे, आप्पा. नंबर आला का सांगायचा. नका विचारू. त्याला वाटंल, त्याचंच चुकलं.

कडूबा : बरं, येक सांग. त्या खालच्या वाघुरातनं वर गेलेलं हाय का कोनी?

सुकेशनी : गेले ना. मागच्या खेपेला दोघं गेले.

कडूबा : दोघं. म्हंजी जात्यात. कितीतून?

सुकेशनी : साठातून.

कडूबा : हां.

सारजाबाई : जेवा आता. डबा निवला. मी गरम करून देते.

कडूबा : मला नको. रातचं जड हाय पोटाला. हिला वाढ.

सुकेशनी : मला नाही जाणार, आई.

सारजाबाई : परसाद हाय. तुझा बाप काय बोलला ऐकलं ना? नुस्ता रस्सा घे बोटभर, भाकरीला लावून. जिवावर नको आनू. तुला वर्गाला बी जायचंय दुपारी.

कडूबा : ऱ्हाऊ दे सारजे. नसंल खायचं तं नको. खालच्या काकूला देऊन टाक. नाव सांगू नको कशाचं हाय ते.

सारजाबाई : तिला आधीच पेढे देऊन बसले मी. आता मटन दिलं तं ती सूनच आनून बसवंल हितं बाळंतपनाला.

कडूबा : मला आता निघाया लागंल. बाराच्या गाडीनं गेलो तं अंधाराच्या आत वाड्यात पोचन. सांडूला आजच्या दिवसाचंच सांगून आलोय.

सुकेशनी : आप्पा, वस्तीवर काय सांगाल?

कडूबा : काय सांगनार? गान्यात नाव घेतलेलं परत घेता येतं का? मी काय नाय सांगत. कोनी इचारलं तं म्हनंन, चाललंय तिचं. चाललंयच ना?

सुकेशनी : चाललंय.

कडूबा : मंग झालं. खोटं तर नाय ते. तू कोनाचं भेव धरू नको. जमलं तं जमलं. आन नाय जमलं... मला नाय कळत माय, नाय जमलं तं काय म्हनायचं. मी ते देवाला इचारलंच नव्हतं.

सारजाबाई : ती पिशवी घ्या. टोपी ऱ्हायली तुमची.

कडूबा : ही बघा, इसरतच होतो. सुके, काल वस्तीवरली दगडाबाई आली होती जागरणाला. काठी टेकत टेकत. सगळं उरकल्यावर मला बाजूला घेतलं, म्हनली, तू उद्या लेकीकडं चालला ना, मंग तिला इचारून ये, माझे गुडघे उठता-बसता लई दुखत्यात, काय करू. लई आशेनं म्हनली ती. मी म्हनलं, इचारून येतो. आता तिला जाऊन काय सांगू?

सुकेशनी : मला कुठं येतंय ते अजून, आप्पा.

कडूबा : ठावं हाय मला. पर ती वाट बघत बसलेली आसंल वट्यावर. काही तरी सांगावं लागंल ना.

सुकेशनी : गरम पाण्याच्या पिशवीनं शेकायला सांगा. आन जमिनीवर बसू नका म्हणावं.

कडूबा : ते तर ती करतीच गं रोज.

सुकेशनी : मग तेच करायला सांगा.

कडूबा : बरं. तेच सांगतो. तू सांगितलं म्हनून सांगतो.